चौथा बोल्ट

“मालक, आधी देव हलवा,” निवृत्ती म्हणाला. “देव डोक्यावर ठेवून मशीन कसं उघडू?”

गोकुळदासने रवळनाथाची पितळी मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवली. पेडण्याच्या बसस्टँडवरच्या त्याच्या दुकानात सहा वर्षं देवाचं ठाणं त्या सोडा मशीनवरच होतं. मशीन कळंगुटच्या एका हॉटेलने टाकून दिलेलं. धडधडत ते कित्येक वर्षं होतं, पण आता महिनाभर कळ दाबली की ग्लासात कोमट सोडा पडत होता. एरवी गोकुळदासने आणखी महिनाभर चालवून घेतलं असतं. पण आज चार वाजता म्हापशाहून सुप्रियाला मागणी घालायला माणसं यायची होती. होणाऱ्या व्याह्यांना कोमट सोडा कसा द्यायचा? म्हणून त्याने बेळगावकडचा हा मेकॅनिक सकाळीच गाठला होता.

स्थळ तालेवार होतं. त्यांची अट एकच, सुनेने नोकरी करायची नाही. आणि सुप्रियाच्या हातात मये गावच्या शाळेची नेमणुकीची ऑर्डर! गोव्याचं राज्य होऊन वर्ष झालं होतं, मास्तरांची भरती निघाली होती आणि पोरीने ती जागा स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. दोन दिवस ती रडत होती. तिची आई भाग्यलक्ष्मी रडत नव्हती, भजी तळत होती.

“रडून कितें जातलें?” गोकुळदास म्हणाला. “देवाक विचारतलों. तो सांगत तशें.”

देवळात भट लावतो तसाच कौल तो दुकानात लावी. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्याने एकेक पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. एकही पडली नाही तर देव बोलायला तयार नाही, पाऊल पुढे टाकायचं नाही. सहा वर्षांत देवाने त्याला एकदाही नको म्हटलं नव्हतं. पोरीला म्हापशाच्या कॉलेजात घालू? उजवी. दुकानाला मागे खोली जोडू? उजवी. बायकोला शिवणाचं मशीन घेऊ? उजवी. गावातल्या भल्याभल्यांना देव तिष्ठत ठेवायचा, ह्याचं घोडं कधी अडलंच नाही. देव आपल्या शब्दाबाहेर नाही, असं तो चारचौघांत सांगे, आणि त्याला ते खरंच वाटे.

निवृत्तीने मशीनच्या पोटात डोकं घातलं. “हां, बगा. कॉम्प्रेसरला चार बोल्ट पायजेत, उजवीकडचा एक न्हाईच. त्यामुळं सगळं धूड ह्या अंगानं नाचतंय. नाचून नाचून नळी घासली, भोक पडलं, गॅस गेला. नळी जोडतो, गॅस भरतो. पण ह्या मापाचा बोल्ट हितं मिळायचा न्हाई.”

“नाचूं दी रे. थंड जालें म्हणजे पुरो.” आणि गोकुळदास फुलं आणायला देवळाकडे गेला.

भाग्यलक्ष्मीने झारा खाली ठेवला. मागच्या खोलीत जाऊन ती मूठ मिटून परत आली.

“हो बोल्ट बसता काय बघ,” ती निवृत्तीला म्हणाली. “आणि घट्ट आवळ.”

बोल्ट अगदी बेताचा बसला.

गोकुळदास परत आला तेव्हा मशीन चालू आहे हेसुद्धा त्याला हात लावून पाहावं लागलं, इतकं ते गप्प होतं. तो खूश झाला. देव पुन्हा वर चढले, पाकळ्या चिकटल्या. “बा देवा रवळनाथा, ह्या घरांत पोरीक दिवंची जाल्यार उजवी दी म्हाराजा!”

तास गेला. दोन गेले. पाकळ्या पितळेवरच सुकायला लागल्या. सुप्रिया दाराशी उभी राहून पाकळ्यांकडे बघत होती. गोकुळदासने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. बिस्किटांजवळ बसवल्याबद्दल देवाची माफीही मागितली. देव हलेना, मशीन हलेना.

चार वाजता पाहुणे आले. सोडा असा गार की दात शिवशिवले. त्यांनी दोनदा वाहवा केली आणि विचारलं, “मग ठरलं म्हणायचं?”

“देव बोलना,” गोकुळदास रडकुंडीला येऊन म्हणाला. “तो बोलल्याबगर हांव कसो बोलूं?”

त्यांना दुसरीही मुलगी बघायची होती. पाचच्या बसने ते गेले. सुप्रिया मागच्या खोलीत आधी हसली आणि मग मोठ्याने रडली. ह्या वेळचं रडणं आनंदाचं होतं.

निवृत्ती पान्हे गोळा करता करता हळूच म्हणाला, “वहिनी, बोल्टाला गंज कसला तो न्हाई. खोबरेल लावून जपल्यागत हुता. कधी पडला हुता मशीनचा?”

भाग्यलक्ष्मीने कढईत भजी सोडली.

“पडूंक ना रे, हांवेंच ह्या हातान काडिल्लो. सुप्रियाक कॉलेजीत घालचें काय ना, तेचो कौल लावचे आदल्या दिसा.”