आठ वेळा तेच गाणं

स्टेजवर तीन ॲम्प्लिफायर होते. दोन जुने, दोघा गिटारवादक भावांचे; एकाच चॅनेलचे, म्हणजे एकाच तऱ्हेचा आवाज काढणारे, प्रत्येकावर तीन बटणं. थोरल्याचा स्वच्छ वाजायचा, धाकट्याचा गुरगुरायचा. म्हणून कडवं थोरला वाजवी आणि ध्रुवपद धाकटा. तिसरा नवा होता: तीन चॅनेल, सतरा बटणं आणि पायाने दाबायची पट्टी. पट्टी दाबली की स्वच्छ आवाज त्याच क्षणी गुरगुरू लागे.

"हा एकटा तुम्हा दोघांचं काम करतो, वर रजाही मागत नाही," ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला.

"मग त्यालाच गायला लावा की," धाकटा म्हणाला.

थोरला हसला नाही.

मालकाने अट घातली. एकच गाणं आठ वेळा वाजवायचं: चार वेळा दोघांनी जुन्यांवर, चार वेळा थोरल्याने एकट्याने नव्यावर. क्रम तो बोटांनी दाखवणार. गायिकेने पाठ फिरवून बसायचं आणि किती जण वाजवताहेत ते सांगायचं.

"फरक कळला तर दोघंही राहा. नाही कळला तर धाकट्याने उद्यापासून येऊ नये."

मग बाहेर थांबलेल्या गायिकेला आत बोलावलं. ती थोरल्याची बायको. तिला अट ठाऊक नव्हती.

"भावोजी, चेहरा का पडलाय असा?"

"माझं काम आता तुमच्या कानांवर आहे, वहिनी."

"बास. आता कुणी बोलायचं नाही," मालक म्हणाला. किती जण ते सांगायचं, एवढंच त्याने तिला समजावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं.

पहिल्यांदा त्याने दोन बोटं वर केली. गाणं संपलं.

"दोघं."

दुसऱ्यांदा एक बोट. धाकटा हात मांडीवर ठेवून बसला. थोरल्याने पट्टी दाबली.

"दोघं."

धाकट्याने तोंड उघडलं. मालकाने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

तिसऱ्यांदाही एकच बोट. "दोघंच," ती म्हणाली. "भावोजींचा हात मी झोपेतही ओळखीन."

पुढे गाणं संपायच्या आतच ती 'दोघं' म्हणू लागली. सातव्या खेपेला थोरला एकटा होता. ध्रुवपद आलं, तरी त्याने पट्टी दाबली नाही. ते तसंच स्वच्छ वाजलं. मालकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

तिची मान किंचित हलली. "दोघं," ती म्हणाली, आधीपेक्षा मोठ्याने.

आठव्यानंतर ती हसत वळली. "बरोबर ना, भावोजी?"

मालकाने मोजून सांगितलं, "आठपैकी चार बरोबर. म्हणजे फरक कळला नाही."