कप्पीचं ग्रीस

निफाडकडची ती विहीर अजून आहे. खोटं वाटलं तर वाकून बघा. खंडेरावाचा मेहुणा समाधान तळाशी सुरुंगाच्या वाती पेटवून दगड उपसायच्या यारीच्या बादलीत बसला अन् निम्म्यावर कप्पीच अडकली. "दाजी, ओढा की!" खाली वाती फुरफुरत होत्या. काठावरच्या खंडेरावाने यारीवर चढून कप्पीच्या निपलाला, म्हणजे ग्रीस भरायच्या बारक्या तोंडाला, ग्रीसगन लावली. ग्रीस आत जाईना. दसऱ्याला यारी रंगवताना मेहुण्याने हौसेने निपलही रंगवलं होतं. "तुझ्या ताईला काय तोंड दाखवू?" ओरडत खंडेरावाने रंग खरवडला, निपलात डिझेल सोडलं, वर खिळा टेकवून हातोडा हाणला. चोंदलेलं निपल मोकळं झालं. गन दाबताच कप्पी कुरकुरली, फिरली; बादली हळूहळू वर निघाली. तेवढ्यात धडाम्! धुरळ्यातून बादली ओझरच्या कारखान्यातल्या विमानागत उडाली अन् काठावर आदळली. काजळलेला समाधान खोकत म्हणाला, "दाजी, ग्रीस लय भरलं तुम्ही!"