तारांखालचं माप

"मापं अशी लांबून घेत नाहीत. उशीला टेकवा," शिंपीकाका म्हणाले.

वीज कार्यालयातून आलेल्या मोजणीवाल्याने तारांचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र निमूटपणे उशीला टेकवलं. खिडकीबाहेर उच्च दाबाच्या सहा तारा गुणगुणत होत्या.

चार वर्षांपूर्वी काकू रक्ताच्या आजाराने गेल्या. त्या या तारांमुळे गेल्या का, एवढं एकच काकांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी एकवीस अर्ज केले. कार्यालयाने प्रत्येक अर्ज अत्यंत तत्परतेने दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला. शेवटी फाइल इतकी फुगली की कपाटाचं दार लागेना. मग माणूस पाठवणं सोपं पडलं.

"जपून हं," निघताना साहेबांनी बजावलं होतं. "म्हातारा खट आहे. आकडा कमी आला तर यंत्र फोडेल. तू आपला हो ला हो कर आणि नीघ."

काकांनी घरभर खडूने फुल्या मारून ठेवल्या होत्या. एक ओट्यापुढे. एक खिडकीत, जिथे बसून काकू गिऱ्हाइकांची काजं-बटणं करायच्या. एक पलंगाच्या डाव्या अंगाला. मोजणीवाला एकेका फुलीवर जाऊन आकडा सांगायचा आणि काका तो वहीत उतरवायचे. सवयीने पुढे 'इंच' लिहायचे.

"परत घ्या."

परत घेतलं. आकडा तोच.

"यात सेल नवे आहेत ना?"

"आजच घातलेत, काका."

"मग अजून एकदा. आमच्यात तीनदा घेतात."

तिसऱ्यांदाही तेच. आता टाळता येईना. मोजणीवाल्याने आधी यंत्र पिशवीत घातलं, पिशवी पोटाशी धरली आणि दाराच्या बाजूला सरकून उभा राहिला.

"काका, मर्यादेच्या जवळपासही नाही हे. तारा नसलेल्या घरांतही एवढा आकडा सापडतो. यात तारांचा दोष दिसत नाही."

काका पलंगावर बसले. वही मांडीवरून घसरून खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. जरा वेळाने त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे गदागदा हलू लागले.

मोजणीवाल्याला पळून जावंसं वाटलं. पण पाय निघेना. साहेबांनी बजावलेलं विसरून तो शेजारी जाऊन बसला.

"पटत नसेल तर वर दाद मागता येते, काका. हवं तर अर्ज मी लिहून देतो. पण असं मनाला लावून घेऊ नका."

काकांनी डोळे पुसले. त्याचा हात घट्ट धरला.

"अर्ज कशाला रे आता?" ते म्हणाले. "हे घर मी पसंत केलं होतं. ती नको म्हणत होती."