शेजारी सासरे

अंथुर्ण्याच्या मशिदीत जुम्म्याची नमाज झाली आणि मौलाना म्हणाले, "नजर खाली ठेवा, हा हुकूम मोबाईललाही लागू आहे. ज्याच्या फोनात घाणेरडे व्हिडिओ असतील, त्यानं इथंच डिलीट करावेत आणि तोबा करून उठावं."

परवेजला घाम फुटला. शेजारी सासरे बसलेले. फोन काढावा तर अब्रू जाणार, न काढावा तर गुनाह तसाच खिशात.

तेवढ्यात सासऱ्यांनीच आपला फोन काढला आणि मान खाली घालून बटनं दाबायला सुरुवात केली. परवेजनंही पटकन काम उरकलं.

बाहेर चपला घालताना त्याला राहवलं नाही. "मामू, तुमच्या बटनाच्या फोनात व्हिडिओ लागतच न्हाय. मग काय पुसत हुता?"

"काय न्हाय. तुझं हुईस्तोवर मला कुठंतरी बघायला नको व्हय?"