तळ्यातली लेकरं

ढोल आधी पोचला, राजदूत मागून. विहाराच्या मंडपात दानशूर वेस्संतर राजाची कथा निम्म्यावर आली होती. थावोनसाहेबांची दानाची मिरवणूक खरं तर शेवटच्या अध्यायाला यायची होती, राजा वाजतगाजत नगरात परततो तेव्हा. तो मान त्यांनी महिनाभर आधीच सांगून ठेवला होता. पण ढोलवाले सकाळपासून भाताची दारू पीत होते. त्यांनी मिरवणूक पळवतच आणली. आणि चालू होता लेकरांचा अध्याय.

"आता बसा," खांबाशी टेकलेली एक म्हातारी म्हणाली. "अध्याय संपेस्तोवर उठायचं नसतं. राजदूतानंसुद्धा."

हशा पिकला. थावोन बसले. एकेका अध्यायाचा खर्च एकेक घर उचले; या अध्यायाची यजमानीण होती बुआलाय. जागा तिच्याच चटईवर होती.

माणूस याच गावचा. आधी खडीचा ठेकेदार, मग प्रांतसभेचा सभासद, मग खासदार. तीन पक्ष झाले. चौथ्याकडून निवडणुकीत पडला, तेव्हा तोंड बंद राहावं म्हणून त्याला समुद्रापलीकडे राजदूत करून धाडला. गावाला मात्र हे बुआलायचं पुण्य वाटे. खासदार असताना त्यानंच तिच्या लेकीला, लाम्दुआनला, त्याच देशात घरकामाला लावून दिलं होतं. म्हणून दर वर्षी अध्याय संपला की ती पुण्य अर्पायचं पाणी सोडताना लेकीच्या जोडीनं त्याचंही नाव घेई. गेलं वर्षभर लेकीचा आवाज नव्हता. साहेबांचं एक पत्र तेवढं आलं होतं: भेट झाली, मुलगी सुखरूप आहे.

म्हातारे भन्ते गात होते. गळ्याला वयाचा गंज चढला होता, गोडवा मात्र तोच. बाप वेस्संतर आपल्याला त्या खाष्ट जूजक ब्राह्मणाला चाकरीसाठी दान देऊन टाकणार, हे दोन्ही लेकरांना कळलंय. ती तळ्याकडे धावतात. पावलं बाहेर गेल्यासारखी दिसावीत म्हणून उलट्या पावलांनी पाण्यात शिरतात. कमळाची पानं डोक्यावर ओढून घेतात. आणि काठावरून बाप हाक मारतो. काय ती हाक! लेकरं पाण्याबाहेर येतात. मंडपात डोळा कोरडा राहिला नाही. थावोननीही अत्तराच्या रुमालानं डोळे टिपले.

ते पाहून बुआलायला धीर आला. ती हळूच म्हणाली, "साहेब, माझी लाम्दुआन कशी दिसली हो तुम्हाला?"

"अगं मावशी, फार हट्टी पोर!" तिच्या पूजेच्या तबकातला, केळीच्या पानात बांधलेला गोड भात त्यांनी उचलला आणि सोलून तोंडात टाकला. "मालकाकडून पळून वकिलातीत आली. हात भाजलेला. न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी. दोन दिवस दार उघडेना. दुभाषा झाला, शिपाई झाले, धमक्या झाल्या. शेवटी मीच गेलो. आपल्या गावच्या बोलीत हाक मारली, 'लाम्दुआन बाळा, ये बाहेर. तुझ्या आईनं पाठवलंय मला.' पटकन कडी काढली बघ!" त्यांनी बोटं चाटली. "यालाच म्हणतात मुत्सद्देगिरी."

"मग?"

"मग काय? मालक गाडी घेऊन दारात उभाच होता. कराराची दोन वर्षं बाकी होती ना. एका पोरीपायी दोन देशांचं बिघडवायचं? वेस्संतरानंही मन घट्ट केलंच की, मावशी."

"त्यानं स्वतःची दिली, साहेब."

थावोन हसले. एक भाताचा कण त्यांच्या ओठाला तसाच चिकटून होता.

घंटा वाजली. अध्याय संपला. बुआलायनं छोटा तांब्या उचलला आणि वाटीत पाण्याची धार धरली. धार चालू असेतो आपल्या माणसांची नावं पुटपुटायची असतात. आपलं नाव येणार म्हणून थावोननी सवयीनं हात जोडले, मान झुकवली.

बुआलाय पुटपुटली नाही. साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली:

"लाम्दुआन बाळा, आता कुणी माझं नाव घेऊन हाक मारली, तरी बाहेर येऊ नकोस."