अंगदचं नाक

“थांबवा, थांबवा गाडी! पेट्रोलचा वास येतोय.”

नगर सोडल्यापासून राजेश्वरी हेच सांगत होती. शेवटी करंजी घाटातल्या वळणापुढं अंगदनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागच्या सीटवर ती बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. तो वास पदराच्या आतही शिरला होता. तिखट, थेट डोक्यात जाणारा.

“आत्या, तुम्हाला येतोय का?” तिनं शेजारी बसलेल्या सासूला विचारलं.

कडूबाईंनी जोरानं श्वास ओढून पाहिला. “मला कुठला येतोय बाई? तपकिरीनं माझं नाक कवाच कामातून गेलंय. आन् आपला अंगद हाय की! जगाच्या गाड्या नाकानं दुरुस्त करतोय त्यो, आन् तू त्याला वास सांगती?”

ते खरंच होतं. सुप्याच्या एमआयडीसीत अंगदचं गॅरेज चालायचं ते त्याच्या नाकावर. कंपनीतले साहेब गाडी घेऊन यायचे आणि तो बॉनेट उघडून नुसता वाकायचा. गुळासारखा गोड वास आला की कूलंट गळतंय. केस जळल्यासारखा आला की वायर तापलीय. सडक्या अंड्यांचा आला की बॅटरी बघायची. पान्याला हात लावायच्या आधीच तो सांगून मोकळा व्हायचा. हल्ली तर तो गिऱ्हाइकालाच विचारायचा, “तुमीच सांगा बरं, कसला वास येतोय?” राजेश्वरीला वाटायचं, लोकांना शिकवायची ही त्याची रीत.

तिनं कडूबाईंना बाळासकट खाली उतरवलं, लांब कठड्यापाशी सावलीत बसवलं आणि परत आली. तोवर अंगद बॉनेटमध्ये ओणवा झाला होता. एकेका पाइपाशी नाक नेऊन तो श्वास ओढत होता.

“कायबी न्हाई,” तो म्हणाला. “सगळं कोरडं ठाक हाय.”

“अहो, मला इथं उभं राहवत न्हाई. एवढा भपकारा येतोय.”

“बाळंत झाल्यापासनं तुला सगळ्याचंच भ्या वाटतंय. गॅसचं, पंख्याचं, मांजराचं.” तो हसला. “परवा दूध करपलं, तर घर पेटल्यागत वरडत आलीस. मी तिथंच तर बसलो हुतो.”

खोटं काय होतं त्यात? रात्री राजेश्वरी मधूनच उठायची आणि बाळाच्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास चालू आहे ना म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं, जाईल हळूहळू. मग हा वासही तसलाच असेल का? नसलेला? नाक जर खोटं सांगायला लागलं, तर उद्या डोळे काय सांगतील? कान काय सांगतील? अशा बाईच्या हाती बाळ ठेवायचं कसं?

“चल, बोलव आईला,” म्हणत अंगदनं बॉनेट तसंच उघडं ठेवलं आणि तो गाडी चालू करायला दाराकडं वळला.

“न्हाई!” ती त्याच्या आधी पोचली. हात घालून तिनं किल्ली काढून घेतली, मुठीत दाबली.

“अगं, येडी झालीस का काय?”

तेच तर तिला बघायचं होतं. बाळाचं दुपटं तिच्या खांद्यावरच राहिलं होतं. ते हाताला गुंडाळून तिनं इंजिनामागच्या रबरी पाइपाखाली, जिथं नजर पोचत नव्हती तिथं, चाचपलं. दुपट्याचं टोक ओलं होऊन आलं. त्या उग्र वासानं तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आपण येडे झालेलो नाही. तिला एवढं हायसं वाटलं की रडूच फुटायचं बाकी होतं.

मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि किल्लीसाठी हात पुढं करत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं.

“डोळे मिटा,” ती म्हणाली.

“आता ह्यो काय खेळ?”

“मिटा म्हणते ना.”

त्यानं डोळे मिटले. पेट्रोलनं भिजलेलं ते टोक तिनं त्याच्या नाकाखाली धरलं. दुपट्याची कोरडी, मऊ बाजू त्याच्या गालाला लागली. त्यानं श्वास ओढला. पुन्हा ओढला, लांब. कपाळावर घाम आला होता. एक ट्रक हॉर्न वाजवत वळणावरून गेला, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

“दुधाचा,” तो हळूच म्हणाला. “बाळ वकलंय ह्याच्यावर.”