बसायची जागा
खुर्च्यांच्या दुकानात ती विक्रेती होती. "बसून तर बघा," असं गिऱ्हाइकांना म्हणत दिवसभर स्वतः उभी राहायची. पायांचे तुकडे पडायचे, पण विकायच्या मालावर नोकरांनी बसायचं नाही, हा मालकाचा दंडक. एकदा जराशी टेकलेल्या तिच्या मैत्रिणीला त्यानं कायमचं घरी बसवलं होतं. आज कामगार खात्याचे निरीक्षक आले. म्हणाले, "कायद्यानं कामगारांना बसायला जागा द्यावी लागते. कुठं आहे?" मालक हसला. "साहेब, काखेत कळसा नि गावाला वळसा. दुकानभर खुर्च्याच आहेत की." निरीक्षक तिच्याकडे वळले. "तुम्ही कुठं बसता, बाई? दाखवा बरं." मालकानं डोळ्यांनीच जवळची आरामखुर्ची दाखवली. ती तिथवर गेली. सवयीनं खुर्चीवरची धूळ पुसली, उशी सारखी केली. मग खुर्चीला वळसा घालून कपाटामागं गेली आणि भिंतीलगत अंथरलेल्या पुठ्ठ्यावर टेकली. "इथं, साहेब."